ड्रायव्हरच्या सीटची गोधडी

माझ्या तोंडाला पगार सुरू झाला, त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला. शिराही मीच केला आणि भाषणही मीच केलं. यजमान एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं फुकट चाललं होतं. दरखास्त मंजूर झाली म्हणायची." कचेरीत आयुष्य गेलेला माणूस, त्यांचा आनंदसुद्धा कागदाच्या कोपऱ्यात शेरा मारावा तसा येतो.

काम असं होतं. हैदराबादहून एक मॅडम गोधड्या शिवणाऱ्या बायकांना डिझाइन शिकवायला येणार होत्या. वर्ग तामसीच्या पलीकडच्या एका गावात, समाजमंदिराच्या हॉलमध्ये. मॅडमना हिंदी, तेलुगू, इंग्रजी यायचं. बायकांना फक्त गावची मराठी. मधे एक दुभाषी हवी होती. आमचं घराणं आदिलाबाद शहरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. घरात पुस्तकी मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईशी गावची बोली. शिवाय गणपतीच्या नाटकांत मी राणीपासून हडळीपर्यंत सगळं केलेलं. माझ्याएवढी लायक बाई जिल्ह्यात नव्हती, आणि हे मी मुलाखतीत सांगितलंही.

मी भाषांतर करत नसे, प्रयोग करत असे. मॅडम म्हणाल्या, "लाल रंग आगे आता है, नीला पीछे जाता है," की मी लाल होऊन दोन पावलं पुढे यायची आणि निळी होऊन भिंतीला टेकायची. बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. पिवळा रंग मी केला, तेव्हा एक आजी म्हणाली, "बाईले कावीळ झाली."

मॅडम तिशीच्या होत्या. डोळ्यांत भरपूर काजळ, अंगात स्वतः छापलेला कुर्ता, आणि चहा समोर आला की डोळे मिटून पहिला घोट घ्यायची सवय. त्यांनी पहिल्या आठवड्यात जे शिकवलं, ते माझ्या अंगात अजून आहे. त्यांनी एक जुनी गोधडी भिंतीवर लावली, सगळ्यांना लांब बसवलं आणि म्हणाल्या, "आँखें आधी बंद करो."

"डोळे अर्धे मिटा," मी सांगितलं आणि स्वतःही मिटले.

आधी खसखस पिकली. मग हळूहळू हॉल शांत झाला. डोळे अर्धे मिटले की फुलं जातात, टाके जातात, कापडाचा पोत जातो. उरतं फक्त फिकं आणि गडद. गोधडीतले चौकोन विरघळून मोठमोठे ढग झाले. मी खिडकीबाहेर बघितलं. बांधावरचा पळस नुकता फुललेला. तो झाड राहिला नाही, नुसता तांबूस धूर झाला. त्याच्यामागे पऱ्हाटीचं वावर, आणि वेचून उरलेला कापूस पांढऱ्या ठिपक्यांसारखा तरंगत होता. धुऊन धुऊन विरलेल्या साडीच्या पदराआडून जग बघावं, तसं सगळं. दुपार हलत नव्हती. कुणीतरी घोरू लागलं. मॅडमनी खुणेनेच सांगितलं, झोपू द्या.

बायकांनी हा धडा घरी नेला. दुसऱ्या दिवशी जी ती सांगू लागली, भाकर अशी दिसते, भिंत अशी दिसते. एक जण म्हणाली, "माहा नवरा बी पाह्यला म्या असा, डोये अर्धे मिटून. बरा दिसते वं बाई!"

"पूर्ण मीट," दुसरी म्हणाली, "अखीन बरा दिसन."

या वर्गात दाराजवळ बसणारी एक सून होती. तिशी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, पाय लांब करून भिंतीला टेकून बसणारी. तिची सासूही वर्गात होती. गावातली सगळ्यांत जुनी गोधडीवाली आणि जिभेने सगळ्यांत तिखट. सासू पुढे खांबाजवळ, सून मागे दाराजवळ. मी सुनेला मनात दाराजवळची म्हणायची, आणि इथेही तेच म्हणते.

एक दिवस ती माझ्याबरोबर बसने आदिलाबादला आली. निमित्त होतं धाग्यांचे रंग बघायचं. बस आमची रोजची, ड्रायव्हरही रोजचा. अवाढव्य देह, पांढऱ्या झुपकेदार मिश्या आणि मधोमध फाटलेली सीट. त्या सीटमधून एक स्प्रिंग डोकं वर काढायची. खड्डा आला की ड्रायव्हर "अय्यो!" करायचा, आणि मागे बसलेल्यांना न बघता कळायचं की खड्डा केवढा होता.

धाग्यांच्या दुकानाऐवजी दाराजवळची मला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात घेऊन गेली. बाहेरच्या बाकावर बसून तिने सांगितलं. तिला दिवस गेले होते. याआधीही गेले होते, आणि राहिले नव्हते.

"मांगच्या बारीले सासूबाईनं लई खुशी केली," ती म्हणाली. "लेकरू व्हायच्या आंधीच दुपटं शिवलं. नव्या कापडाचं. शिवू नये, ते त्याइलेच जास्त मालूम. पन हात थांबले नाईत त्यायचे."

"मग?"

"मंग काय. पेटीत हाय अजून. कोनी काढत नाई, कोनी फेकत नाई."

आमच्या भागात गोधडी अशीच शिवायला कुणी बसत नाही. आधी माणूस ठरतो, मग कापड. गोधडी कोणाची, याचं उत्तर असल्याशिवाय सुईत दोरा जात नाही. आणि हातभर लांबीची इवली गोधडी फक्त नव्या जिवाची. ती लेकरू जन्मल्यावरच बेततात, आणि तीही जुन्या, वापरून मऊ झालेल्या कपड्यांची. आधी बेतली तर कुणासाठी बेतली, असा प्रश्न राहतो. त्याला उत्तर नसतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. दिवस तर पऱ्हाट्या उपटायचे आणि ज्वारी कापायचे. "घरी बसली तं सारे इचारतीन काऊन बसली," ती म्हणाली. "वर्गात बसली तं कोनी इचारत नाई. तुमचा वर्ग हाय तोवर मी सावलीत हाय. तोवर कोनाले सांगू नका, बाई."

कोणाला सांगू नका, असं तिने गावच्या लाऊडस्पीकरला सांगितलं! माझ्या तोंडात गोष्ट तापल्या तव्यावरच्या थेंबासारखी नाचते. मी खिशात लवंगांची पुडी ठेवायला लागले. सांगावंसं वाटलं की एक लवंग दाढेखाली. आठवडाभरात घराला मसाल्याच्या डब्याचा वास यायला लागला. यजमान म्हणाले, "दात दुखतोय का? दोन दिवस घरात कमालीची शांतता आहे."

आणि मग आला सॅम्पलचा दिवस.

मॅडमनी प्रत्येकीसमोर कोऱ्या, खळीच्या सुती कापडाचे तुकडे ठेवले. तयार झालेलं सॅम्पल एक फूट लांब, एक फूट रुंद. ही सॅम्पलं हैदराबादच्या ऑफिसला जाणार होती. मी हाताने माप दाखवून सांगितलं, "एवढीशी गोधडी करायची."

कापडाकडे गेलेले हात मागे आले.

"कोनाची?" खांबाजवळून सासूबाईंनी विचारलं.

मी मॅडमना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "किसीकी नहीं. बस, सॅम्पल है."

मी बायकांकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा मला अभिनय सुचला नाही. "कोणाचीच नाही," मी म्हटलं.

"लेकराएवढी गोधडी," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "नवं कोरं कापड, अन् लेकरू कोनाचंच नाई? तुमी काय बोलून राह्यल्या, बाई, तुमाले तरी समजते काय?"

मी दाराकडे बघितलं. दाराजवळचीने पाय जवळ ओढून घेतले होते. कापड तिच्यासमोर पडलं होतं आणि तिचे दोन्ही हात पदराखाली होते.

त्यानंतर वर्गात कुणी नकार दिला नाही. नकार देणं आमच्याकडे असभ्य समजतात. फक्त कुणाची सुई हरवली, कुणाचे डोळे आले, कुणाचा दोरा गुंतला तो सुटेचना. सासूबाईंनी तर बोटाला चिंधी बांधून आणली आणि मधेच ती चुकून दुसऱ्या बोटाला गेली. कापडं जशीच्या तशी पडून. मॅडम पायरीवर चहा घेऊन बसल्या, तर काजळ गालावर ओघळलेलं. म्हणाल्या, सॅम्पल गेलं नाही तर ऑफिस वर्ग बंद करेल. गावाला रस नाही असं लिहितील.

वर्ग बंद म्हणजे दाराजवळची परत वावरात. वर्ग चालू म्हणजे तिच्या हाताखाली ते इवलं कोरं कापड. मी दोन लवंगा एकदम तोंडात टाकल्या आणि मॅडमना गोधडीची रीत सांगायला घेतली. माणूस आधी, कापड मग. लेकराची कधी, कशाची, सगळं. पायरीवर उभी राहून, आवाज बदलून. एका जिवाचं गुपित सोडून बाकी काही ठेवलं नाही.

मॅडमनी चहा खाली ठेवला. हाताने गालावरचं काजळ पुसलं. मग म्हणाल्या, "और मैं कॉलेज में चार साल यही पढ़ी, कि पहले आदमी सोचो, फिर चीज़. अपनी ही क्लास में भूल गई." आणि त्या इतक्या खुलून हसल्या की पायरीवरची शेळी उठून गेली.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, माप तेच राहील, कापडही तेच. पण आज शिवायचं नाही. आज फक्त सांगायचं. एवढ्याशा गोधडीत कोण मावेल? कोण बसेल, कोण झोपेल, कोणाला थंडी वाजते? लेकरू सोडून कोणीही.

सुरुवातीला सगळ्या एकमेकींना कोपराने ढोसत राहिल्या. मग मागून आवाज आला, "माहा कुकर. शिटी मारल्यावर त्याले गुंडाळून ठेवीन."

"भजनाचा तबला. थंडीत बसते त्याचा सूर."

"माही कोंबडी! अंड्यावर बसते तं खालून गार लागते तिले."

"सरपंचाची खुर्ची."

"त्याले एक फूट नाई पुरत वं!"

हॉल नुसता उसळला. मी कोंबडी झाले, कुकर झाले, सरपंच झाले, मॅडम फळ्यावर लिहीत सुटल्या. मग एकेक करत सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. दाराजवळचीने अजून काही सांगितलं नव्हतं. ती कापडाकडे बघत होती, हात पदराखालीच. मला वाटलं, आता ही उठून जाणार. मी लवंग शोधू लागले.

बाहेर आमच्या बसचा हॉर्न वाजला.

"ड्रायव्हर," ती म्हणाली.

"कोण?"

"बसचा ड्रायव्हर. त्याच्या सीटीले स्प्रिंग हाय. त्याच्या..." ती लाजली, "त्याच्या खाली घालाले."

हसण्याने पत्रे हलले. फक्त सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे डोळे बारीक करून बघितलं, मग बोटाची चिंधी सोडली, दोऱ्याची गुंडी उचलली आणि म्हणाल्या, "मंग माप घ्या लागीन."

आणि त्या निघाल्याच. आख्खा वर्ग मागे. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून शेंगा खात होता.

"उठ," सासूबाई म्हणाल्या.

"क्या हुआ, अक्का?"

"तेरा माप." त्यांनी सीटवर दोरा धरला, मग त्याच्या देहाकडे बघितलं, मग पुन्हा दोऱ्याकडे. "डोये अर्धे मिटून पाहा वं पोरींनो. कुठून बी पाहा, एक फुटात बसत नाई."

"बीच का पकडो अक्का," ड्रायव्हर लाजून म्हणाला, "स्प्रिंग बीच में है."

त्या दिवसापासून सुया सापडल्या, डोळे बरे झाले. दाराजवळचीने गोधडी शिवायला घेतली. भिंतीला टेकून, पाय लांब करून, सावलीत. मधे तिने फिका चौकोन कोपऱ्यावर उभा करून बसवला, भोवती पळसाच्या फुलाचा रंग, काठाला जांभळट काळा. पहाटेच्या अंधारात चढताना ड्रायव्हरला आपली जागा दिसली पाहिजे, म्हणून मधला भाग फिका, असं तिने मॅडमना माझ्यामार्फत सांगितलं. मॅडमनी गोधडी हॉलच्या टोकाला धरली. आम्ही सगळ्यांनी डोळे अर्धे मिटले. तो चौकोन लांब कुठेतरी उजेडाची खिडकी उघडी असावी तसा दिसत होता. त्या दुपारी कुणी घोरलं नाही.

सॅम्पलं हैदराबादला गेली, पसंत झाली, परत आली. मधल्या काळात ड्रायव्हर रोज मला विचारायचा, "अक्का, मेरा सीट किधर तक आया?" जणू त्याचा पोरगा परदेशातून यायचा होता. गोधडी आली आणि बसमधलं "अय्यो" बंद झालं. खड्डे केवढे ते आम्हाला कळेनासं झालं.

वर्ग उन्हाळाभर चालला. पऱ्हाट्या उपटून झाल्या, ज्वारी घरात आली, पळसाची फुलं गळून पानं आली. शेवटच्या दिवशी दाराजवळचीने मला बाजूला घेतलं. आता लपण्यासारखं राहिलं नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईही हसून बोलू लागल्या होत्या. "सासूबाईले तुमी सांगा," ती म्हणाली. "तुमी दुभाषी हाय ना?"

दोघींची भाषा एक, घर एक, चूल एक. पण मी अशी संधी सोडते होय? मी सासूबाईंना खांबाजवळ बसवलं, घसा साफ केला, हात पसरले. तोंडात चार महिन्यांची लवंग होती, ती थुंकून टाकली. "सासूबाई," मी सुरुवात केली, "एक काळ असा येतो..."

"रावू द्या," त्या म्हणाल्या. "मले फागुनापासून मालूम हाय."

माझे हात हवेतच राहिले. मागे दाराजवळची उभी होती, ती दाराची चौकट धरून खाली बसली.

"मॅडमनं शिकवलं ना? डोये अर्धे मिटले का बारीक नक्षी जाते अन् आकार दिसते. म्या भिंतीवरची गोधडी पाह्यली, मंग खिडकी पाह्यली, मंग दारातली सून पाह्यली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आकार दिसला."

"मंग बोलल्या काऊन नाई?" सून बसल्या जागेवरून म्हणाली.

"मांगच्या बारीले बोलली. नाचली. शिवून बी टाकलं." सासूबाई तिच्याकडे न बघता दोऱ्याची गुंडी गुंडाळत राहिल्या. "या बारीले म्हटलं, चूप बसून पाहू."

मॅडम विचारू लागल्या, क्या बोल रहे हैं, क्या बोल रहे हैं. मला काही सांगता येईना. पगारी तोंड, आणि ऐन वेळी बंद पडलं.

पोळा होऊन गेल्यावर मुलगी झाली. आदिलाबादच्या दवाखान्यातून तिला घरी न्यायचं होतं, तेव्हा मीही स्टँडवर गेले. मॅडम तोवर दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग घ्यायला गेल्या होत्या. सासूबाईंनी नातीला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं होतं. त्या बसमध्ये चढल्या, पण मागे गेल्या नाहीत. ड्रायव्हरच्या कानाशी उभ्या राहिल्या.

"उठ."

"अब क्या हुआ, अक्का?"

"वो दे." त्यांनी सीटकडे बोट केलं. चार-पाच महिन्यांत ती गोधडी पार बदलली होती. खळ गेली, पळसाचा रंग उतरून गुलाबी पेरूच्या गरासारखा झाला, मधला चौकोन सायीसारखा मऊ पडला.

"मेरा सीट!" ड्रायव्हर कळवळला.

"तेरे को नया देते. ये पुराना चाहिए." आणि पुढचं त्या आपल्याच भाषेत बोलल्या, माझ्याकडे बघून, मी सांगावं म्हणून. "लेकराच्या गोधडीत जुनं पाह्यजे. मऊ पाह्यजे. अन् रोज गाव फिरून जो सुखरूप घरी येते, त्याच्या अंगाखालचं पाह्यजे."

मी हे ड्रायव्हरला हिंदीत सांगितलं. काही अभिनय न करता. तो उठला. गोधडी खिडकीबाहेर झटकली, घडी घातली आणि देवळात नारळ पुढे करावा तशी दोन्ही हातांनी पुढे केली. मग टॉवेलची गुंडाळी करून त्यावर बसला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तो "अय्यो" म्हणत होता, पण इतक्या हळू, की बाळ जागं होऊ नये.

गोधडी तीनदा उकळत्या पाण्यातून काढली, याची मी साक्षीदार आहे. ती मधे ठेवून भोवती जोडायच्या कापडासाठी सासूबाईंनी गावभर फिरून माणसं निवडली. शंभरी जवळ आली तरी जिला दात आहेत, तिचं लुगडं. जिला कधी राग येत नाही, तिची ओढणी. मी वाट बघत होते. शेवटी स्वतःच म्हटलं, माझी एक साडी आहे, नाटकातली, राणीची.

"तुमचं नको," सासूबाई म्हणाल्या. "लेकरू रातभर बोलत राहीन."

बाजूला कापड बेतणारी दाराजवळची मान खाली घालून म्हणाली, "चार महिने नाई बोलल्या त्या."

सासूबाईंनी विचार केला. "बरं," म्हणाल्या, "पायाकडं लावू. बोटभर."

पेटीतल्या दुपट्याचं काय करायचं, हे मी विचारलं होतं. ते जुनं होतंच की. सासूबाईंनी मान हलवली. "ते ज्याचं हाय त्याचं हाय," म्हणाल्या आणि दुसरं बोलल्या.

ती मुलगी आता सव्वादोन वर्षांची आहे. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर आजीच्या मांडीवर बसते आणि तामसी ते आदिलाबाद तोंड मिटत नाही. गाय, पूल, पत्रा, कापूस, ड्रायव्हरची मिशी, सगळ्यांशी बोलते. आजी माझ्याकडे रागाने बघते. ड्रायव्हर नव्या गोधडीवर ऐटीत बसलेला असतो; ती सगळ्या वर्गाने मिळून शिवली, आणि या वेळी एक फुटाचं बंधन नव्हतं.

परवा तामसीहून येताना उन्हं कलली होती आणि बोलता बोलता मुलगी एकदम गप्प झाली. बघते तर खिडकीला गाल टेकून डोळे अर्धे मिटून बसलेली. झोपली म्हणावं तर नाही. आजीनेही तिच्याकडे बघून डोळे अर्धे मिटले, मग मीही. बाहेर कापूस फुटला होता.